एकवीस इंचांवर तोच बगळा

बंद पडलेल्या मोटेलच्या लिलावात
मी पडदे उचलले. सात डॉलर, सगळे मिळून.
यूना म्हणाली, कुरूप आहेत.
आहेतच.
मोहरीच्या रंगावर तपकिरी बगळे,
चोचीत गवताची काडी
आणि मागे कुणीतरी घाईत उरकलेलं तळं.
आमच्या खाडीवर, न्यूफाउंडलंडच्या या टोकाला,
असला बगळा कुणी बापजन्मात पाहिला नाही.

टेप लावला.
या डोळ्यापासून त्या डोळ्यापर्यंत
बरोबर एकवीस इंच.
एकवीस इंचांवर नक्षी समेवर येते:
तोच डोळा, तीच काडी,
पंखाखाली रंग ओघळल्याचा तोच डाग.
छापणाऱ्याची चूकसुद्धा
न चुकता.

सहा आवर्तनं कापली, एकावर एक रचली,
सहाही डोळ्यांतून एकच टाचणी आरपार.
हेडली सूप पिता पिता म्हणाला, बिचारा.
तीस वर्षं कारखान्यात कॉड सोलला यानं,
आणि आता बगळ्याची दया.

मग साठ अंशांचा त्रिकोण.
एका कापात सहा, एकाच वळणाचे.
टोकं मध्याशी आणून टेबलावर मांडले
आणि बगळा गेला.
मानेची पाकळी झाली,
चोची एकीमागे एक पळू लागल्या गोल,
आणि ते घाईतलं तळं, ज्याच्याकडे
मोटेलातल्या एकाही पाहुण्यानं पाहिलं नसेल,
मधोमध चांदणी होऊन बसलं.

तेच सहा फिरवले, दुसरं टोक मध्याशी:
चर्चची खिडकी.
तिसरं टोक:
काही नाही. चिखल.

आधी आरशांनी बघायचे मी.
दोन आरसे चिकटपट्टीनं जोडून कापडावर उभे करायचे,
आत दिसायचं काहीतरी राजेशाही,
शिवल्यावर ते नसायचंच.
कितीतरी कापड वाया गेल्यावर कळलं:
आरसा उलटं करून दाखवतो,
कापड नुसतं फिरतं.
हे मला शाळेत कुणी सांगितलं असतं
तर गणितात पास झाले असते.

आणखी एक कळलं.
देखणा भाग निवडला की फूल देखणं येत नाही.
पूर्ण डोळा घेतला तर सहा डोळे टकमक बघतात,
झोप लागायची नाही अशा गोधडीत.
अर्धी काडी घ्यावी, डागाची कड घ्यावी,
दोन रंगांची हद्द जिथे जरा डगमगते
तिथे पट्टी ठेवावी.

यूना मंगळवारी येते, चहा घेते, विचारते:
धड कापड फाडायचं आणि परत शिवायचं,
हा कसला उद्योग?
यूनानं दोनदा लग्न केलं.
दोन्ही वेळा फ्लॉइडशीच.
मी नुसती सुई ओवली.

एकेचाळीस षटकोन झाले.
चिखलाचे नऊ, तेही ठेवलेत.
उरला पडदा. म्हणजे पडदा कसला,
चाळण. जिथे मन मागेल तिथे त्रिकोण काढलेला,
बगळ्यांना कुठे पाय नाहीत, कुठे छाती,
एकाला तर नुसती काडी,
हवेत धरलेली.
फेकणार होते.
हेडलीनं तो स्वयंपाकघराच्या खिडकीला लावला,
खरा पडदा धुवायला टाकलेला म्हणून.

मार्चमधली दुपार, बर्फ बाहेर लखलखतोय,
आणि फरशीवर उन्हाचे त्रिकोण,
मांजराच्या पाठीवर दोन.
हेडली गुडघ्यांवर बसला, कुरकुरत,
माझा टेप घेऊन,
या त्रिकोणापासून त्या त्रिकोणापर्यंत मोजलं.
सव्वीस, म्हणाला. तुझे एकवीस कुठे गेले?

ऊन तिरकं होतं.
पुढच्या तासाला तीस भरतील, कदाचित जास्तच.
हलू नकोस, म्हटलं,
टेप तसाच धर.
मी वही आणते.